लोगोमागची पांढरी चौकट जात नाही, जेपीजीचं पीएनजी केलं तरी!

लेझीमकरीण (मंगळवार, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला आमचं बायकांचं लेझीम पथक आहे. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी यंदा स्वयंसेवकांना जांभळे टीशर्ट करायचे ठरलेत, छातीवर पथकाचा लोगो. लोगो म्हणजे केशरी लेझीम, तिच्याभोवती हलकी केशरी झळाळी आणि खाली मऊ सावली. ज्या मुलाने तो करून दिला तो आता परदेशात, आणि त्याचा तेव्हाचा लॅपटॉपही भंगारात गेलाय. थोडक्यात, मूळ फाइल नाही.

माझ्याकडे दोन फायली आहेत. एक जेपीजी, लेटरहेडसाठी दिलेली, मागे पांढरं. दुसरी कुणीतरी ग्रुपवर फोटो म्हणून टाकलेली, तिच्यात लोगोमागे सगळं काळंकुट्ट. टीशर्टवाले म्हणतात, "पीएनजी पाठवा." म्हणून नेटवरच्या एका कन्व्हर्टरवर पांढऱ्या जेपीजीचं पीएनजी केलं. फाइल चौपट मोठी झाली, चौकट मात्र जागच्या जागी.

पीएनजी म्हणजेच ट्रान्स्परंट ना? मग गेलं कुठे ते? आणि एकाच लोगोमागे एकदा पांढरं, एकदा काळं हा काय प्रकार आहे?

---

चहाबाज (९:५१)

नुसतं नाव बदलून बघितलंत का? शेवटी जेपीजीच्या जागी पीएनजी लिहायचं. आमच्या ऑफिसात एक जण असंच करतो आणि वर सांगतो, "कन्व्हर्ट केलंय."

---

ऐरोलीकर (१०:२०)

चहाबाज, अहो नवीन माणूस खरंच करून बघेल.

लेझीमकरीण ताई, आधी चौकटीचं. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही. १९९२ साली हा प्रकार ठरला तो छायाचित्रांसाठी, आणि फोटोला आरपार भाग नसतो. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचा हिशेब आहे, संपलं. पीएनजीत लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा ठेवता येतो. त्याला अल्फा म्हणतात. ० म्हणजे आरपार, २५५ म्हणजे पूर्ण बंद, मधलं सगळं अर्धवट. "ठेवता येतो" म्हटलं, कारण ठेवलाच पाहिजे असं नाही. तुमच्या जेपीजीत हा आकडा नव्हताच, मग कन्व्हर्टर तो आणणार कुठून? त्याने पांढरा रंग पांढरा म्हणूनच इमानदारीत पीएनजीत उतरवला. फाइल फुगली कारण पीएनजी काहीच टाकून देत नाही. जेपीजीने कडेकडेला केलेली घाणसुद्धा जपून ठेवतं.

आता काळं-पांढरं. उलट दिशेने, म्हणजे पारदर्शक पीएनजीचं जेपीजी करताना, सॉफ्टवेअरला चौथ्या आकड्याचं काहीतरी करावंच लागतं. शहाणं सॉफ्टवेअर मागे एक रंग धरतं, बहुतेकदा पांढरा, आणि त्यात चित्र मिसळतं (इथे अल्फा ० ते १ धरलाय, म्हणजे तो आकडा भागिले २५५):

दिसणारा रंग = अल्फा × वरचा रंग + (१ − अल्फा) × मागचा रंग

काही सॉफ्टवेअर हाच हिशेब मागे काळा धरून करतात. आणि आळशी सॉफ्टवेअर हिशेबच करत नाही, चौथा आकडा सरळ फेकून देतं. गंमत अशी की पूर्ण आरपार ठिपक्यालाही खाली रंगाचे तीन आकडे असतातच, फक्त ते दिसत नाहीत. बरेचदा ते ०, ०, ० असतात, म्हणजे काळा. झाकण उडालं की तो काळा वर येतो. पायथनच्या पिलो लायब्ररीत आरजीबीएचं (अल्फासकट चार आकड्यांचं) चित्र नुसतं आरजीबी (तीन आकड्यांचं) केलं की हेच होतं, आणि दर काही महिन्यांनी आमच्या टीममधला एखादा नवा मुलगा "सर, लोगो काळे झाले" म्हणत येतो.

म्हणजे तुमच्या काळ्या फाइलमागे दोन शक्यता आहेत: काळ्यावर मिसळलेली किंवा अल्फा फेकलेली. दोन्हींत फरक आहे आणि तो पुढे उपयोगाला येऊ शकतो. झळाळी काळ्यात हळूहळू विरत जाते, की जाड, पूर्ण केशरी पट्ट्यासारखी दिसून एकदम तुटते?

---

लेझीमकरीण (१०:३३)

हळूहळू विरते. काळ्यावर तर पांढऱ्यापेक्षा छान दिसते!

---

ऐरोलीकर (१०:३६)

मग मिसळलेली आहे. ती फाइल डिलीट करू नका. उद्या लिहितो.

---

पिक्सेलपंत (१०:५८)

नौपाड्यात डीटीपीत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

हल्लीच्या मुलांना वाटतं पारदर्शकता पीएनजीपासून सुरू झाली. जिफमध्ये ती १९८९ पासून आहे. पण ती अशी की २५६ रंगांच्या तक्त्यातला एक रंग "हा दिसणार नाही" म्हणून ठरवायचा. ठिपका एक तर आहे, नाही तर नाही, अर्धवट काही नाही. त्यामुळे झळाळी, सावली, गोल कड यांचं जिफ केलं की कडेला दातरे येतात, नाही तर ज्या रंगाचं बॅकग्राउंड धरून केलं त्या रंगाची किनार चिकटते. पांढरं धरून केलेला लोगो जांभळ्यावर ठेवा, भोवती खडूने गिरवल्यासारखी रेघ दिसेल. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठीच "सेमी-फ्लॅटन" आहे: अर्धवट ठिपके तेवढे निवडलेल्या रंगात मिसळायचे, पूर्ण आरपार आहेत ते तसेच ठेवायचे. मागचा रंग आधी माहीत असेल तर उत्तम चालतं.

१९९५ च्या सुमाराला जिफच्या कॉम्प्रेशनवर युनिसिस या कंपनीने पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली, त्या रागातून पीएनजी जन्मलं. १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ते शिफारस म्हणून जाहीर केलं. एवढं चांगलं प्रकरण, पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला त्यातली अर्धवट पारदर्शकता कळायची नाही, मागे राखाडी ठोकळा दाखवायचं. आवृत्ती ७ येईपर्यंत, म्हणजे २००६ पर्यंत, आम्ही पोरं दोन-दोन फायली करत बसायचो.

ताई, पांढऱ्या जेपीजीवर मॅजिक वाँड (एका रंगाचा भाग निवडणारं हत्यार) मारायच्या फंदात पडू नका. जेपीजी ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून दाबतं, त्यामुळे कडेजवळचं पांढरं हे पांढरं राहत नाही. कुठे २५३, कुठे २४८, कुठे पिवळट. वाँडने साफ केलं असं स्क्रीनवर वाटतं आणि जांभळ्या कापडावर लोगोभोवती मुंग्या लागलेल्या दिसतात.

---

कोपरखैरणे प्रेस (बुधवार, सकाळी ८:१५)

टीशर्ट छापणाऱ्याच्या बाजूने सांगतो, आमचं तेच काम आहे.

डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) छपाईत आधी फिल्मवर रंग पडतो, त्यावर पांढरी शाई, मग पावडर, मग हीट प्रेसने कापडावर. पांढरी शाई कुठे टाकायची हे सॉफ्टवेअर तुमच्या फाइलच्या पारदर्शकतेवरून ठरवतं. अल्फा ० पेक्षा जास्त असेल तिथे पांढरं. म्हणून पीएनजी मागतो आम्ही, शौक म्हणून नाही. जेपीजी दिलंत तर अख्ख्या चौकोनाखाली पांढरं पडतं आणि छातीवर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं.

पण ताई, तुमची ती मऊ सावली आणि झळाळी ऐकून पोटात गोळा आला. अर्धवट पारदर्शक ठिपका कापडावर "अर्धवट" होत नाही. तिथे विरळ पांढरी शाई पडते, पावडर नीट धरत नाही, आणि सावलीच्या जागी मळका पांढरा धूर दिसतो. दोन धुण्यांत तो सुटायला लागतो. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवून भांडतं, "इथे तर सावली काळी आहे." स्क्रीनमागे उजेड असतो हो, टीशर्टमागे माणूस असतो.

---

चहाबाज (८:३०)

शेवटचं वाक्य दुकानाबाहेर पाटीवर लावा.

---

सीवूड्सचा_पोरगा (८:५२)

एवढं कशाला? एआयने बॅकग्राउंड काढणारी फुकट साइट असते, एका क्लिकमध्ये काम. आयफोनमध्येही फोटोवर बोट दाबून धरलं की वस्तू उचलली जाते, आयओएस १६ पासून.

---

पिक्सेलपंत (९:०५)

माणसाच्या फोटोला चालतं ते. लोगोच्या झळाळीला ते एक तर वस्तू समजतं, नाही तर बॅकग्राउंड. पहिल्यात पांढुरकी केशरी पट्टी तशीच राहते, दुसऱ्यात झळाळी उडते. लेझमीच्या साखळीच्या कड्यांमधली पांढरी भोकं ते काढतं का बघ, मग बोलू.

---

सीवूड्सचा_पोरगा (९:२४)

करून बघितलं, नेटवरून एक लेझमीचं चित्र घेऊन. भोकं पांढरीच राहिली 😐

आणि ते चित्र "ट्रान्स्परंट पीएनजी" म्हणून शोधलं होतं. उघडल्यावर मागचे राखाडी-पांढरे चौकडे चित्रातच छापलेले निघाले.

---

बाळकुमची सई (९:४०)

हो, ते नकली पीएनजी! चौकडे ही प्रोग्रॅमची दाखवायची पद्धत आहे, फाइलमध्ये ते असतच नाहीत. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तोच लोगो म्हणून चढवतं. साधी तपासणी सांगते: पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेसमध्ये स्लाइडला भडक रंग द्या आणि चित्र त्यावर टाका. एकदा भडक जांभळा, एकदा पोपटी. चौकट, किनार, नकली चौकडे, सगळं तिथल्या तिथे उघडं पडतं. विंडोजमध्ये प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये बिट डेप्थही दिसते. पीएनजीला २४ दिसलं तर अल्फा नाही. ३२ दिसलं तर अल्फाची जागा आहे, पण ती सगळी २५५ ने भरलेली असू शकते, म्हणून स्लाइडवर टाकणंच खरं.

---

नेरुळचे सेक्रेटरी (११:१०)

मंडळी, विषयाला धरून एक शंका. आमच्या सोसायटीच्या नोटिशींवर माझी सही स्कॅन करून टाकतो. सही छापील ओळीवर आली की मागचा पांढरा तुकडा ओळ झाकतो. वर्डमध्ये "सेट ट्रान्स्परंट कलर" आहे, ते केलं तर पांढरं जातं पण सहीभोवती ठिपके राहतात. हे तेच का, मुंग्यांचं?

---

बाळकुमची सई (११:२५)

तेच, काका. ते बटण नेमका एकच रंग आरपार करतं, जवळपासचे पांढरे तसेच सोडतं. गिंपमध्ये सही उघडा आणि "कलर्स" मेनूत "कलर टू अल्फा" घ्या, रंग पांढरा. ते प्रत्येक ठिपक्यातून जितकं पांढरं काढता येईल तितकं काढतं, त्यामुळे शाईची मऊ कडही नीट राहते. स्कॅनचा कागद राखाडी असेल तर आधी लेव्हल्सने (उजळ-गडद टोकं ओढायचं साधन) पांढरा करून घ्या. मग पीएनजी म्हणून एक्सपोर्ट.

एक खटकतं ते सांगते. सहीचं स्वच्छ पारदर्शक पीएनजी म्हणजे कुठेही चिकटवता येईल अशी सही. नोटीस पीडीएफ करून फिरवा, वर्ड फाइल नको.

---

नेरुळचे सेक्रेटरी (११:३१)

पटलं. गेल्या वर्षभराच्या वर्ड फायली ग्रुपवर पडून आहेत, त्यांचं काय करता येईल ते बघतो. आभार.

---

घोडबंदर_ट्रॅफिक (दुपारी १:०२)

मग ताईंनीही कलर टू अल्फाच करावं ना? पांढरं काढायचंय, काढून टाका.

---

ऐरोलीकर (१:४०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, ट्रेनमध्ये सुचलेलं सगळं.

सही एकाच गडद शाईची असते, म्हणून तिथे ते छान चालतं. लोगोत चालणार नाही, कारण त्याला "फिकट केशरी, पूर्ण बंद" आणि "गडद केशरी, अर्धं आरपार" यांतला फरक कळत नाही. पांढऱ्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ते नेहमी दुसरंच धरतं. लेझमीच्या दांड्यावर चमक दाखवायला फिकट रंग असेल तर तिथेही आरपार होईल आणि जांभळा टीशर्ट आतून डोकावेल.

मिसळलेलं चित्र उलगडता येत नाही ते यामुळे. समीकरण एक, अज्ञातं दोन: वरचा रंग आणि अल्फा.

---

चहाबाज (१:४४)

म्हणजे चहात ओतलेलं दूध परत काढता येत नाही.

---

ऐरोलीकर (१:४९)

बरोबर. पण तोच चहा दोन कपांत असेल आणि एकात दूध, दुसऱ्यात फक्त पाणी ओतलं असेल, तर हिशेब लावता येतो. ताईंकडे दोन कप आहेत.

तोच लोगो पांढऱ्यावर आणि तोच काळ्यावर. समजा झळाळीतला एक ठिपका:

पांढऱ्यावर: २५५, १९४, १३३
काळ्यावर: १५३, ९२, ३१

वजाबाकी करा: १०२, १०२, १०२. तिन्हींत सारखाच फरक आला, कारण तो फक्त मागच्या रंगामुळे पडलाय. १०२ भागिले २५५ म्हणजे ०.४. एवढं मागचं दिसतंय, म्हणून अल्फा ०.६. आता काळ्यावरच्या आकड्यांना ०.६ ने भागा: २५५, १५३, ५२. हा मूळ केशरी (खरा शेवटचा आकडा ५१, आकडे पूर्णांक केल्याने एकाचा फरक पडला). सावलीचा ठिपका घ्या: पांढऱ्यावर १७८, काळ्यावर ०. अल्फा साधारण ०.३, रंग काळा. म्हणजे ३० टक्के काळी सावली. उलगडलं.

ही माझी अक्कल नाही. ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये सिनेमातल्या निळ्या पडद्याच्या संदर्भात हे मांडलं होतं. अल्फा चॅनेलही स्मिथ आणि एड कॅटमल यांचंच, १९७७ मधलं, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतलं.

तपासणीही यातच आहे. तिन्ही आकड्यांचा फरक सारखा आला नाही, तर एक तर दोन चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत, नाही तर काळ्या फाइलमध्ये अल्फा फेकलेला आहे. फेकलेला असता तर हाच ठिपका तिथे २५५, १५३, ५१ दिसला असता आणि फरक ०, ४१, ८२ आला असता. खरं तर तेही वाईट नाही, मूळ रंग आयताच मिळतो.

गिंपमध्ये असं करा:

दोन्ही चित्रं एकाच आकाराची करून दोन लेयरमध्ये, ठिपका न् ठिपका जुळवून ठेवा. ग्रुपवरची फाइल लहान झालेली असेल, मोठी आहे तिला लहान करा, उलट नको. वरच्या लेयरचा मोड "डिफरन्स". मोडच्या यादीत जुन्या, लेगसी गटातला घ्या, नव्या गटातले काही मोड हिशेब वेगळ्या पद्धतीने करतात आणि आकडे जुळत नाहीत. जे दिसेल ते "न्यू फ्रॉम व्हिजिबल" करून नवा लेयर, त्याला "इन्व्हर्ट". हा झाला तुमचा अल्फा: लोगो पांढरा, बाहेर काळं, झळाळी राखाडी. आता काळ्या फाइलच्या लेयरवर हा ठेवून लेगसी "डिव्हाइड" करा, पुन्हा न्यू फ्रॉम व्हिजिबल. मिळालेल्या रंगाच्या लेयरला तोच राखाडी लेयर मास्क म्हणून लावा. बाहेरचा भाग भागाकारात चित्रविचित्र दिसेल, घाबरू नका, मास्क त्याला झाकतो.

जेपीजीमुळे थोडी कुरकुर राहील. मास्कवर लेव्हल्स लावून टोकं ओढा: जवळजवळ काळं ते पूर्ण काळं, जवळजवळ पांढरं ते पूर्ण पांढरं.

---

पिक्सेलपंत (२:१५)

टोपी उतरवली. फोटोशॉपमध्ये आम्ही "मॅटिंग"मधलं "रिमूव्ह व्हाइट मॅट" मारून कडा साफ करायचो, ते याच कुळातलं. पण दोन बॅकग्राउंडची युक्ती हातात असून वापरली नाही कधी.

---

लेझीमकरीण (रात्री ११:०५)

झालं!!! मुलीला शेजारी बसवून केलं. डिफरन्स केल्यावर आधी लोगोभोवती दुहेरी रेघ दिसत होती, लेयर एक ठिपका डावीकडे सरकवल्यावर नाहीशी झाली. आता पोपटी स्लाइडवर, जांभळ्या स्लाइडवर, फोटोवर, कुठेही ठेवा, सावलीसकट. १६०० ठिपके रुंद आहे. छातीवर चार इंची लोगो हवाय, पुरेल का? आणि कोपरखैरणेवाले दादा, सावलीचं काय करू, एवढी वाचवून?

---

कोपरखैरणे प्रेस (गुरुवार, सकाळी ८:४०)

चार इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० लागतात, आरामात पुरेल. पाठीवर मोठा हवा असेल तर मात्र पुरणार नाही, तिथे कोरलड्रॉमध्ये नव्याने ट्रेस करून (रेघांनी पुन्हा काढून) घ्या. लेझीमसारखा आकार हाताने ट्रेस करायला अर्धा तास.

सावली टीशर्टसाठी काढा. वाईट वाटून घेऊ नका, जांभळ्यावर काळी सावली दिसणार तरी किती? झळाळीचं दोन प्रकारे होतं: तिला ठिपक्यांत फोडायचं, हाफटोन, प्रत्येक ठिपका पूर्ण बंद, किंवा झळाळीच्या जागी एक बारीक पूर्ण केशरी किनार. मी किनार घेतली असती. मास्कला "थ्रेशोल्ड" लावा, अर्धवट ठिपके संपतात. ही फाइल वेगळ्या नावाने ठेवा. सावलीवाली मूळ म्हणून जपा, पीएनजीच, आणि एक्ससीएफही (गिंपची स्वतःची फाइल). कुठलाही डीटीपीवाला "जेपीजी चालेल" म्हणाला तरी मूळ फाइल जेपीजी करून ठेवायची नाही.

---

लेझीमकरीण (९:१२)

किनार पक्की. फ्लेक्सवाल्याला काय पाठवू? वर्तकनगर नाक्यावर दहा बाय सहाचा लागणार आहे.

---

पिक्सेलपंत (९:३०)

फ्लेक्सवर पारदर्शकतेचा प्रश्नच नाही. डिझाइन पूर्ण झालं की सगळं खाली बसवून, फ्लॅटन करून, टिफ किंवा चांगल्या क्वालिटीचं जेपीजी द्या. तिथे मागे काय आहे ते तुम्हीच ठरवलेलं असतं, मग अल्फा हवा कशाला? लोगो डिझाइनमध्ये बसवताना मात्र पीएनजी वापरा.

पत्रिका ऑफसेटला जाणार असेल तर पीडीएफची भानगड असते. पीडीएफमध्ये खरी पारदर्शकता १.४ आवृत्तीत, २००१ मध्ये आली. पण काही प्रेस अजून पीडीएफ-एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) मागतात, त्यात ती चालत नाही, सगळं सपाट करावं लागतं. सपाट करताना चित्राचे तुकडे पडतात आणि स्क्रीनवर त्यांच्यामध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात. झूम कमी-जास्त केलं की रेघेची जाडी तेवढीच राहत असेल तर ती स्क्रीनची लबाडी, सहसा छापून येत नाही. एक्स-४ चालत असेल तर तेच द्या, त्यात पारदर्शकता जिवंत राहते. आणि ईपीएस (पोस्टस्क्रिप्टवर चालणारी छपाईची फाइल) कुणी मागितलं तर सावली विसरा, पोस्टस्क्रिप्टला अर्धवट आरपार कळतच नाही.

---

सीवूड्सचा_पोरगा (१०:०५)

ग्रुपसाठी स्टिकर करून देऊ का ताई? तिथे सावली चालेल! व्हॉट्सॲपचं स्टिकर म्हणजे ५१२ × ५१२ चं वेबपी (गूगलचा चित्रप्रकार), १०० केबीच्या आत, आणि वेबपीत पूर्ण अल्फा चालतो. लॉसीमध्येसुद्धा, म्हणजे जेपीजीसारखं दाबूनही पारदर्शक. मला वाटायचं दाबलेलं म्हणजे अल्फा गेलाच.

---

ऐरोलीकर (१०:४०)

कर. वेबपी लॉसी असलं तरी अल्फाचा भाग वेगळा ठेवतं, साधारणपणे जसाच्या तसा. फक्त एक लक्षात ठेव: गूगलचं सीवेबपी (वेबपी करणारं साधन) पूर्ण आरपार ठिपक्यांखालचे रंग जागा वाचवायला बदलून टाकतं, "एक्झॅक्ट" पर्याय दिल्याशिवाय. दिसायला काहीच फरक नाही. पण पुढे त्या वेबपीवर कुणी अल्फा फेकणारं कन्व्हर्टर चालवलं की मागे काळ्याऐवजी भलतेच पट्टे उमटतात.

आणि ताई, पीएनजी टीशर्टवाल्यांना व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून गेलं की ते जेपीजी होऊन पोहोचतं आणि आपण पुन्हा पहिल्या पोस्टवर.

---

घोडबंदर_ट्रॅफिक (११:२०)

रीलसाठी लोगो फिरताना दाखवायचा असेल तर? एमपी४ केलं तर मागे काळं येतंय.

---

ऐरोलीकर (११:५२)

नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये अल्फा नसतो. व्हीपी९ चं वेबएम किंवा प्रोरेस ४४४४ मध्ये असतो, पण फोनवरची सगळीच ॲप्स ते घेत नाहीत. सोपा मार्ग: पारदर्शक पीएनजी एडिटिंग ॲपमध्ये ओव्हरले म्हणून टाका आणि तिथेच फिरवा. शेवटचं रील एमपी४ झालं तरी हरकत नाही, मिसळून झालेलं असतं.

---

लेझीमकरीण (शनिवार, सायंकाळी ६:१८)

नमुन्याचा टीशर्ट आला. किनार स्वच्छ, चौकट नाही, कड्यांच्या भोकांतून जांभळा दिसतोय. सासूबाई म्हणाल्या लोगो जरा वर हवा होता, तेवढं उरलेल्यांत करून घेतेय. स्टिकर पथकाच्या ग्रुपवर इतकं फिरतंय की कामाचे मेसेज सापडेनात. पाठीवरच्या मोठ्या लोगोसाठी कोरलमध्ये ट्रेस करणारं ठाणे स्टेशनच्या जवळ कुणी असेल तर निरोप पाठवा.

---

पिक्सेलपंत (६:४०)

निरोप केलाय. १६०० वाला पीएनजी घेऊन या, पेनड्राइव्हवर.